निर्मळमध्ये घर घेताना

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस, प्राचीन सोपाऱ्यापासून जवळच असलेले निर्मळ हे तळ्याकाठचे गाव शंकराचार्यांच्या समाधिस्थानामुळे प्रसिद्ध आहे. कार्तिक वद्य एकादशीला येथील यात्रा सुरू होते. यात्रेच्या बाजारात भांडीकुंडी, मिठाई आणि वसईची खासियत असलेली सुकेळी घेण्यासाठी तालुक्यातील सर्वधर्मीयांची गर्दी होते. एरवीही नाक्यावर भाजी, फुले व मासळीची उलाढाल सुरू असते. विहिरी, केळीच्या वाड्या आणि लोकल गाठण्यासाठी रिक्षा-बसची सोय यांमुळे मुंबईकरांना येथे घर घ्यावेसे वाटल्यास नवल नाही.

मात्र येथे घरापेक्षा जमीन आधी तपासावी लागते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात हरित क्षेत्र मोठे असून तेथील बांधकामावर मर्यादा आहेत. शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. म्हणून सातबारा व फेरफार यांबरोबरच नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्यावा. वाडी एकत्र कुटुंबाची असल्यास सर्व वारसांची संमती आहे का, हेही पाहावे. एका भावाने केलेला व्यवहार पुढे न्यायालयात अडकू शकतो.

सदनिका घेणाऱ्यांनी बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. मे २०१७ पासून महारेरा कार्यरत आहे. पण केवळ नोंदणी क्रमांकावर विसंबू नये. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळविल्याचे प्रकरण विरारमध्ये २०२३ साली उघडकीस आले होते. त्यामुळे परवानगीची खातरजमा थेट महापालिकेत करणे श्रेयस्कर.

या दक्षतेचे मोल नालासोपारा पूर्वेतील रहिवाशांना कळले आहे. तेथे सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवरील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. घरासाठी पैसे मोजलेली कुटुंबे बेघर झाली.

गावाचा कौलही समजून घ्यावा. जुलै २००९ मध्ये महापालिका स्थापन झाली, तेव्हा गावे त्यात घेण्यास तीव्र विरोध झाला. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो वाद न्यायालयात गेला. हा विरोध केवळ करांपुरता नव्हता. वाड्या, विहिरी आणि गावपण टिकविण्याची चिंता त्यामागे होती.

घर पाहण्यास एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा मे महिन्यात जावे. पहिल्या भेटीत पाणी कोठे तुंबते ते दिसते, दुसरीत विहिरीला पाणी किती उरते ते कळते. नळजोडणी अधिकृत आहे की टँकरवर भागते, याची चौकशी शेजाऱ्यांकडे करावी. यात्रेच्या दिवसांत रस्त्यावर होणारी कोंडीही लक्षात घ्यावी. कागद पूर्ण नसतील तर दर कितीही आकर्षक असला तरी बयाणा देऊ नये.