टाच मोकळी ठेवणारं स्कीइंग

दिल्लीतल्या द्वारकेत बर्फ पडत नाही, धुकं पडतं. तरी नोव्हेंबरात काश्मीरच्या पहिल्या बर्फाची बातमी आली, की आमच्या सोसायटीत कुणीतरी विचारतंच, "काका, स्कीइंगला निघायचं का?" मी मूळचा साताऱ्याकडचा, आयुष्य फौजेत गेलेलं, गुलमर्गला स्कीचा कोर्स केलेला. त्यामुळे सल्ला द्यायचं काम माझ्याकडे. माझं उत्तर ठरलेलं आहे: थांबा. तो बर्फ ओला असतो, थर पातळ असतो आणि खाली दगड, मुळं दबा धरून बसलेली असतात. ७ नोव्हेंबर २०१९ ला असाच आगाऊ बर्फ कोसळला आणि सफरचंदाच्या बागाच्या बागा मोडल्या. खरी थंडी २१ डिसेंबरला, 'चिल्ले कलां'चे चाळीस दिवस लागले की.

लोकांच्या डोक्यात स्कीइंग म्हणजे उतार. त्याला कारण इतिहास. १९२७ मध्ये ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यांनी गुलमर्गला 'स्की क्लब ऑफ इंडिया' काढला तो साहेबांच्या मौजेसाठी. वर चढा, खाली या, संध्याकाळी क्लबात बसा. मला ओढ आहे ती दुसऱ्या, क्रॉस-कंट्री स्कीइंगची, देवदार-कैलच्या रानातून सपाटीवर मैलोन्मैल चालत जाण्याची. ते आपल्याकडे रुजलं गरजेतून.

काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी झोजिला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, रणगाडे चढवले. खिंड फुटली, पण मैदानी मुलखातल्या जवानाला बर्फात राहायला, चालायला, लढायला शिकवावं लागणार हेही कळलं. त्याच डिसेंबरात १९ व्या डिव्हिजनची स्की शाळा गुलमर्गला सुरू झाली. तीच पुढे हाय आल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, फौजी भाषेत 'हॉज'.

क्रॉस-कंट्रीच्या स्कीत बुटाचा फक्त चवडा अडकवतात, टाच मोकळी. स्की अरुंद, हलकी, मध्ये किंचित कमानदार. कमानीखाली चिकट वॅक्स. एका पायावर पुरता भार दिला की कमान दबते, वॅक्स बर्फ धरतं आणि पुढे रेटा मिळतो. भार काढला की कमान उचलते आणि स्की सरकते. कोरड्या बर्फाला मऊ वॅक्स लावा, स्कीखाली बर्फाचे गोळे धरतील. ओल्या बर्फाला कडक लावा, पाय मागे जाईल. अर्धी विद्या वॅक्सच्या डबीत आहे. उरलेली अर्धी छातीत, कारण गुलमर्ग २,६०० मीटरच्या वर आहे.

हिवाळी ऑलिंपिकला या प्रकारात भारताकडून २००६ ला बहादूर गुप्ता उतरले, २०१० ला ताशी लुंडुप, २०१४ ला राजौरीचे नदीम इक्बाल, २०१८ ला 'हॉज'चे जगदीश सिंग. जगदीशनी १५ किलोमीटर ४३ मिनिटांत काढले, क्रमांक १०३ वा, विजेत्यापेक्षा सव्वानऊ मिनिटं मागे. कुणी हसतं. हसणाऱ्यांनी १५ किलोमीटर जाऊ द्या, ताज्या बर्फात गुडघाभर रुतून एक किलोमीटर चालून दाखवावं. २०२२ च्या बीजिंगला तर या प्रकारात आपलं कुणीच नव्हतं.

माझ्या मते चूक आपल्या नजरेची आहे. रोपवेला पैसा मिळतो, उताराला जाहिरात मिळते, सपाटीवर घाम गाळणाऱ्याकडे कॅमेरा वळत नाही. वास्तविक सरावाला बर्फसुद्धा लागत नाही. चाकांच्या स्कीवर डांबरी रस्त्यावर तो होतो. आमच्या द्वारकेचे रुंद रस्ते त्याला उत्तम, फक्त पहाटे पाचनंतर जिवाची हमी नाही.

आता बर्फाचाही भरवसा उरलेला नाही. बर्फ कमी पडला म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२४ ला आणि पुन्हा २०२५ ला पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा नोव्हेंबरच्या बातमीवर तिकीट काढू नका. जानेवारी सरता सरता जा, आणि गोंडोला रोपवेच्या रांगेतला एक दिवस वाचवून तिथल्या गोल्फच्या मैदानाकडे वळा. हिवाळ्यात क्रॉस-कंट्रीच्या शर्यती तिथेच होतात.