रिंगटोनची कुळकथा

संपादक मंडळाने यंदा 'काहीतरी तांत्रिक, पण सोपे' लिहा अशी गळ घातली. मी सिग्नल-दूरसंचार खात्यातला डिप्लोमावाला माणूस. लेखणीपेक्षा सोल्डरिंगची सळई बरी चालते, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

भारतातला पहिला मोबाइल कॉल आपण राहतो त्याच राज्यातून झाला, हे आपण खडगपूरकर फारसे सांगत नाही. ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसूंनी तेव्हाच्या कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. त्याच्या आदल्या वर्षी नोकियाच्या २११० या फोनवर ती प्रसिद्ध धून आली होती. ती मुळात फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या 'ग्रान वाल्स'मधली.

त्या फोनना एका वेळी एकच स्वर वाजवता येई. आपली धून हवी तर बटणे दाबून बसवायची. नोकिया ३३१० वर १ ते ७ या आकड्यांत सप्तकाचे सात स्वर होते, शून्य दाबले की विराम. आमच्या डेपोतल्या एका पेटीवाल्या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत अशी आरतीची चाल बसवली. महिनाभर सगळ्या डेपोत तीच वाजत होती आणि कुणाचा फोन वाजतोय ते कुणालाच कळत नव्हते! फिनलंडमध्ये तर १९९८ पासून रेडिओलिन्या कंपनी अशा धुना एसएमएसने विकू लागली होती.

एसएमएसवरून आठवले. माझे बाबा रेल्वेत तारबाबू. निवृत्तीनंतर माझ्याकडेच राहत. माझ्या नोकियावर मेसेज आला की तीन छोटे, दोन लांब, तीन छोटे असे पिप वाजायचे. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "हा मोर्समध्ये एस-एम-एस म्हणतोय." मी दूरसंचारचा असून माझ्या लक्षात आले नव्हते.

पुढे पॉलिफोनिक रिंगटोन आल्या. पेटी, झांज, ढोलकी एकदम वाजू लागली. पण ते मिडी, म्हणजे कोणते वाद्य कोणता स्वर किती वेळ धरील याच्या नुसत्या सूचना. त्यात माणसाचा आवाज मावत नाही. तो आला ध्वनिमुद्रणाची फाइल वाजवणाऱ्या फोनबरोबर.

म्हणून २००६ च्या गणपतीआधी मी बाबांची कॅसेट काढली. आपल्या मंडळाच्या १९९१ च्या उत्सवात ते आरती सांगत होते, त्याची. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर जोडली आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर लावले. पंचेचाळीस मिनिटांची बाजू भरायला पंचेचाळीस मिनिटेच लागतात, तिथे घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाची फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी होते. माझ्या फोनला ते झेपणारे नव्हते. मग २८ सेकंदांचा तुकडा कापून एएमआर केला, जेमतेम ४३ केबी. एएमआर ही बोलण्यासाठी बनवलेली पद्धत. सेकंदाला ८००० नमुने घेते, टेलिफोनइतकाच पट्टा ठेवते, बाकीचे टाकून देते. झांजा पत्र्यासारख्या वाजू लागल्या. बाबांचा आवाज मात्र ओळखू येत होता. बाबा ऐकून म्हणाले, "ट्रंक कॉलवर बोलतोय जणू."

'आता कॉम्प्युटरवर आहे' म्हणून क्वार्टर बदलताना मी ती कॅसेट टाकून दिली. २००८ च्या पावसाळ्यात हार्ड डिस्क बसली. दुसरी प्रत नव्हती. रोज ऑफिसात बॅकअपच्या नोंदवहीवर सही करणारा मी! २००९ मध्ये बाबा गेले.

ते २८ सेकंद तेवढे उरले. नव्या फोनसाठी मी त्यांचे एमपी३ केले. फाइल फुगली, पण एएमआरने टाकलेले परत कुठून येणार? मुलीच्या आयफोनसाठी एम४आर केले. ती एएसी फाइलच असते, फक्त नावाचे शेपूट बदलायचे. कॉल आला की आई म्हणते, "लगेच उचलू नकोस रे." दोनदा साहेबांचा कॉल त्यामुळे चुकला आहे.

१९९१ च्या उत्सवात आणखी दोघा-तिघांनी टेपरेकॉर्डर लावले होते, असे जुने सभासद सांगतात. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत ती कॅसेट असेल तर कृपया बुरशी लागली आहे म्हणून टाकू नका. रात्री आठनंतर मी क्वार्टरवर असतो. प्लेअरला नवा बेल्ट बसवून ठेवला आहे. या वेळी पूर्ण फाइल ठेवीन, दोन ठिकाणी, आणि कॅसेट ज्याची त्याला परत करीन.