वळिवडे निर्वासित छावणी

वळिवडे निर्वासित छावणी : दुसऱ्या महायुद्धकाळात पोलिश निर्वासितांसाठी कोल्हापूरनजीक उभारलेली वसाहत (१९४३–४८). पुनर्वसनविषयक धोरणाचा मुलांच्या जीवनावर होणारा परिणाम अभ्यासण्याच्या दृष्टीने हिचा इतिहास उद्‌बोधक आहे.

सोव्हिएट रशियाने पूर्व पोलंड व्यापल्यावर (१९३९) तेथील लाखो नागरिकांना सायबीरिया, कझाकस्तान इ. प्रदेशांत हद्दपार केले. १९४१ च्या पोलिश–सोव्हिएट करारान्वये त्यांची मुक्तता झाली व काहीजण इराणमार्गे भारतात आले. नवानगर संस्थानातील बालाचडी येथे मुलांसाठी छावणी निघाली (१९४२). वळिवडे येथे सु. ५,००० लोक राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला.

छावणीत कुटुंबांना एकत्र राहता यावे अशी घरे, अनाथालय, रुग्णालय, चर्च व पोलिश माध्यमाच्या शाळा होत्या. बालवीर पथकेही होती. उपासमार व आप्तांचे मृत्यू अनुभवलेल्या मुलांना त्यामुळे नियमित शिक्षण व मातृभाषेचा आधार लाभला. तथापि स्वदेशी परतणे गृहीत धरूनच ही सर्व व्यवस्था आखलेली होती. १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधील सरकारची मान्यता काढून घेतली आणि हा आधारच नाहीसा झाला. काही कुटुंबे पोलंडला परतली. इतर ब्रिटन, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इ. ठिकाणी पांगली. अनेक मुलांच्या वाट्याला पुन्हा विस्थापन आले.

फाळणीनंतर याच जागी सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले व तिचे गांधीनगर झाले. हे निर्वासित भारताचे नागरिक असल्याने त्यांचे पुनर्वसन कायमचे ठरले. कापडाच्या घाऊक व्यापारामुळे वसाहत भरभराटीस आली. मात्र सिंधी भाषेला स्वतःचा प्रांत उरला नव्हता. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश १९६७ मध्ये झाला. पोलिश मुलांना मातृभाषा मिळाली, पण स्थैर्य नाही. सिंधी मुलांना स्थैर्य मिळाले, पण भाषेचा आधार दुबळा राहिला.

बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय करारात (१९८९) निर्वासित मुलांच्या संरक्षणाची स्वतंत्र तरतूद आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. मात्र १९५१ च्या निर्वासितविषयक करारात भारत सहभागी नाही व देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. देशांतर्गत आपद्‌ग्रस्तांना कायद्याने निर्वासित म्हणत नाहीत, तथापि त्यांच्या मुलांचे प्रश्न बव्हंशी तेच असतात (उदा., खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीची दरड, १९ जुलै २०२३). निवाऱ्याइतकेच कुटुंबाचे ऐक्य, अखंड शिक्षण व भवितव्याची निश्चिती यांवर पुनर्वसनाचे यश मोजावे लागते, असे वळिवड्याच्या अनुभवावरून दिसते.