आपल्या जागेत मातीच्या बांधकामाची कार्यशाळा

महामार्ग आणि कोकण रेल्वेमुळे संगमेश्वर मुंबईकरांच्या आवाक्यात आले आहे. तेथील आपल्या जागेत मातीकाम शिकविणारी निवासी कार्यशाळा भरवायची, तर पहिला विचार पावसाचा करावा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शिकाऊ मंडळी आठवड्याभरात परततात आणि उघडी भिंत यजमानाच्या गळ्यात पडते. मृगापूर्वी तिच्यावर छप्पर चढले नाही, तर ती पुन्हा माती होते. म्हणून आरंभी घर नव्हे, अवजारांची खोली पुरे.

जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे असावे. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हवेत तो कठीण होतो. माती पारखण्यासाठी ती बाटलीत पाण्यासह हलवून ठेवावी. वाळू आधी तळाशी बसते, चिकणमाती शेवटी. मळलेल्या मातीत भाताचा पेंढा घालून भिंत रचतात. एका दिवसात हात-दीड हाताहून अधिक उंची घेऊ नये. वर सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आत कोंडते, चुन्याचा बरा. मात्र कळीचा चुना विझताना उकळतो, तो नवख्यांच्या हाती देऊ नये.

गावातील जाणत्या गवंड्याला मजुरी नव्हे, शिक्षकाचे मानधन द्यावे. सातबारावर भाऊबंदांची नावे असल्यास, आणि कोकणात ती बहुधा असतातच, लेखी संमती आधी घ्यावी. मातीकामाला पाणी भरपूर लागते. विहिरी खालावण्यापूर्वीचे डिसेंबर-जानेवारी हे महिने त्यासाठी सोयीचे.