सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर : कारभारी की कामगार?

कामाला चुकीचे नाव पडले की कामगाराचा हक्क हुकतो, हा कामगार चळवळीचा जुना अनुभव आहे. संगणकाच्या धंद्यातील 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' हे नाव त्याच दृष्टीने तपासले पाहिजे.

आरंभी संगणकावर एका वेळी एकच काम चाले. ती कामे पाळीने लावणारा तो ऑपरेटर. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत चालवून दाखविली. यंत्र सामाईक झाले, तसे सामाईक विहिरीचे प्रश्नही आले. कोणाला किती जागा? कोणाचे कागद कोणी पाहावयाचे? म्हणून प्रत्येकास परवलीचा शब्द मिळाला, आणि त्या शब्दांची यादी राखणारा मनुष्यही आला.

ही राखण किती नाजूक, ते तेथेच कळले. एकदा कारभार पाहणारे दोघे एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करीत होते. एक रोजच्या सूचनेची, दुसरी परवलीच्या शब्दांची. यंत्राने दोघांच्या कच्च्या प्रतींना एकच नाव दिले, फाइलींची अदलाबदल झाली, आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकापुढे सर्वांचे परवलीचे शब्द छापून आले!

पुढे १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला. तीत 'रूट' नावाच्या खात्याला कोणतीही फाइल उघडण्याची मुभा असते. ती किल्ली ज्याच्या हाती, तो खाती उघडतो, गेलेल्यांची बंद करतो, बॅकअप घेतो, बिघाड हुडकतो, आणि इतरांचा खोळंबा नको म्हणून दुरुस्ती रात्री करतो. काम चोख झाले तर कोणाला दिसत नाही. चुकले तर साऱ्या कचेरीला दिसते.

१९८७ साली हे काम करणारी माणसे फिलाडेल्फियात एकत्र जमली. १९९२ मध्ये त्यांची 'सेज' ही संघटना उभी राहिली, आणि तिने नवशिक्यापासून ज्येष्ठापर्यंत प्रत्येक पायरीचे काम लिहून काढले. कामाची व्याख्या काम करणाऱ्यांनीच केली, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने तांत्रिक काम करणारा 'कामगार' ठरला. पण मुख्यतः व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा वगळला गेला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही वगळणूक कायम आहे. म्हणजे 'ॲडमिनिस्ट्रेटर' या एका शब्दावर बोट ठेवून मालक म्हणू शकतो, 'हा तर प्रशासक. याला कामगाराचे संरक्षण कसले?' हुद्द्याचे नाव पाहू नका, मुख्य काम पाहा, असे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे. तरी ते सिद्ध करण्याचा भार कामगाराच्याच माथी येतो.

तेव्हा माझी व्याख्या अशी : अनेकांच्या सामाईक यंत्राची, त्यांच्या विश्वासावर केलेली तांत्रिक राखण म्हणजे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन. तिजोरीची किल्ली सांभाळणारा तिजोरीचा धनी होत नाही. हे काम करणाऱ्यांनी आपले रोजचे काम तासांसह लिहून ठेवावे. हक्काच्या लढ्यात तोच पहिला पुरावा ठरेल.