इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि नवोदित गणित संशोधक : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विज्ञानसंस्थेने विद्यार्थ्यांना व नवोदित संशोधकांना साहाय्य करावे, असे म्हटले की आज आपल्यासमोर प्रथम शिष्यवृत्ती, प्रवासखर्च आणि पारितोषिके येतात. भारतातील गणिताच्या सर्वात जुन्या संस्थेकडे आरंभी यांपैकी फारसे काही नव्हते. तरीही श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध तिच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या संस्थेचे मुख्यालय व ग्रंथालय प्रदीर्घ काळ पुण्यात होते. आर्थिक बळ नसताना या संस्थेने नवोदितांना नेमके काय दिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१. सोसायटीच्या स्थापनेमागील गरज व पुण्यातील ग्रंथालयाचे कार्य समजून घेणे.
२. रामानुजन व द. रा. कापरेकर यांच्या संदर्भात या साहाय्याचे स्वरूप व मर्यादा तपासणे.

स्थापना आणि पुण्यातील ग्रंथालय :

व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातील गुत्ती येथे डेप्युटी कलेक्टर होते. गणिताची नवी पुस्तके व परदेशी नियतकालिके एकट्यादुकट्या अभ्यासकाला मिळणे अशक्यप्राय आहे, ही त्यांची मुख्य अडचण होती. डिसेंबर १९०६ मध्ये त्यांनी देशातील गणितप्रेमींना पत्रे लिहिली आणि ४ एप्रिल १९०७ रोजी २० संस्थापक सभासदांसह 'अ‍ॅनालिटिक क्लब' स्थापन झाला. लवकरच त्याचे नाव 'इंडियन मॅथेमॅटिकल क्लब' झाले. १९१० मध्ये नवी घटना स्वीकारल्यावर आजचे नाव रूढ झाले.

ग्रंथालयासाठी फर्ग्युसन महाविद्यालयाची निवड झाली. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्या काळी रँग्लर र. पु. परांजपे यांच्याकडे होते. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. सोसायटीने मागविलेली नियतकालिके पुण्यात येत आणि तेथून टपालाने सभासदांकडे जात. दूरच्या गावी शिकविणाऱ्या अध्यापकालाही त्यामुळे जगात गणिताचे काय चालले आहे, हे कळू शकत होते. म्हणजेच वाचनसाधनांची उपलब्धता हे या संस्थेचे पहिले साहाय्य होते. पुढे हे ग्रंथालय मद्रासला हलविण्यात आले.

प्रश्नांचे सदर आणि रामानुजन :

१९०९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या सोसायटीच्या नियतकालिकात वाचकांनी प्रश्न पाठवावेत व इतरांनी ते सोडवावेत, असे एक सदर होते. संपूर्ण शोधनिबंध लिहिण्याची तयारी नसलेल्या अभ्यासकाला छापील पानावर येण्याचा हा मार्ग होता. १९११ मध्ये रामानुजन यांनी याच सदरात एकात एक गुंतलेल्या अनंत वर्गमुळांची किंमत विचारली. कोणाचेही उत्तर आले नाही, तेव्हा ते (३) त्यांनी स्वतःच दिले. पुढे त्यांनी या सदराला ५० हून अधिक प्रश्न पाठविले.

त्याच वर्षी बर्नोली संख्यांवरील त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे लेखन अत्यंत त्रोटक व दुर्बोध असे. संपादक एम. टी. नारायण अय्यंगार यांनी तेवढ्यावरून निबंध नाकारला नाही. हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवून त्यांनी ते वाचकाला समजेल असे करून घेतले. एफ. ए. परीक्षा उत्तीर्ण होऊ न शकलेल्या तरुणासाठी संपादकाने घेतलेले हे कष्ट, हे या संस्थेचे दुसरे साहाय्य होय.

आर्थिक मदतीबाबत मात्र संस्था व व्यक्ती यांत फरक करावयास हवा. रामानुजन १९१० मध्ये रामस्वामी अय्यर यांना स्वतः जाऊन भेटले व महसूल खात्यात नोकरी मागितली. त्यांच्या वह्या पाहून अय्यर यांनी त्यांना कारकुनीत अडकविण्याऐवजी मद्रासच्या गणितज्ञांकडे पाठविले. सोसायटीचे सचिव आर. रामचंद्र राव यांनी त्यांना काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. मार्च १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झाले, तेथील व्यवस्थापक एस. नारायण अय्यर हे सोसायटीचे खजिनदार होते. दरमहा ७५ रुपयांची रीतसर शिष्यवृत्ती १९१३ मध्ये दिली ती मद्रास विद्यापीठाने. सोसायटीने ओळखीचे जाळे पुरविले, परंतु ते सभासदांच्या सदिच्छेवर अवलंबून होते. तेथवर पोहोचू न शकलेल्यांची नोंद इतिहासात राहत नाही, ही या पद्धतीची मर्यादा मान्य करावी लागते.

शाळाशिक्षक कापरेकर :

१९३३ मध्ये सोसायटीने विद्यार्थी व अध्यापकांना समोर ठेवून 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' हे दुसरे नियतकालिक सुरू केले. त्याचे महत्त्व दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सोसायटीचे ग्रंथालय असलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयातच त्यांचे शिक्षण झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेऊन ते १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नव्हते. असे असूनही 'डेमलो संख्यां'वरील त्यांचे टिपण १९३८ मध्ये या नियतकालिकाने छापले.

पुढे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि ही कृती पुन्हा करीत राहावे. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ३०८७, ८३५२ आणि नंतर ६१७४. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर झाले. त्यापूर्वीची अनेक वर्षे त्यांच्या संशोधनाला आधार होता तो अशा लहान टिपणांना मिळणाऱ्या जागेचा.

निष्कर्ष :

वाचावयास साहित्य, प्रश्न मांडण्यास जागा आणि हस्तलिखित सुधारून घेणारा संपादक या तीन गोष्टी सोसायटीने नवोदितांना दिल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशित लेखांना गुण दिले. त्यानंतर लेखांची संख्या वाढली, पण लेख परत पाठवून शिकविणारा संपादक दुर्मीळ झाला. २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. ही पदवीही बंद झाली. संशोधनाची पहिली पायरी म्हणून ज्या अध्यापकांनी ती घेतली, त्यांच्यामागून येणाऱ्यांना आता ही पायरी उपलब्ध नाही. अशा वेळी महाविद्यालयीन नियतकालिकांनी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी दोन पाने राखून ठेवणे आणि अपुऱ्या लेखाला नकाराऐवजी सूचनांसह परत पाठविणे, यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. संपादक व परीक्षक म्हणून काम करणाऱ्या आपण अध्यापकांनी त्यासाठी वेळ देणे मात्र आवश्यक आहे.