झिओलाइटांतील वायुशोषण
स्वीडिश खनिजवैज्ञानिक आक्सेल क्रूनस्टेट यांनी १७५६ मध्ये, तापविल्यावर फसफसणाऱ्या खनिजाला झिओलाइट (उकळणारा दगड) हे नाव दिले. पाणी निघून गेल्यावर त्याच्या स्फटिकात रेणूएवढ्या पोकळ्या उरतात. चॅबाझाइट या झिओलाइटात एथिल अल्कोहॉलाचे बाष्प शिरते, बेंझिनाचे नाही, हे १९२५ मध्ये आढळले, जे. डब्ल्यू. मॅकबेन यांनी १९३२ मध्ये त्यास ‘रेणवीय चाळणी’ म्हटले. दाबाने शोषण वाढते, परंतु द्वारापेक्षा मोठा अणू सहसा आत जात नाही. २०१४ मधील प्रयोग याला अपवाद होय : चांदीयुक्त नॅट्रोलाइटात सु. १७,००० वातावरण दाब व २५०° से. तापमानास झेनॉन शिरला आणि दाब काढल्यावरही आतच राहिला. पृथ्वीच्या वातावरणात झेनॉन अपेक्षेपेक्षा कमी का, या कोड्याशी याचा संबंध जोडला गेला. मात्र हे नॅट्रोलाइट मुद्दाम चांदीचे आयन घालून केलेले असल्याने नैसर्गिक खडकांना तो निष्कर्ष सरसकट लागू पडत नाही.